लोखंडाआधीचा दगड

१

२०१५ सालच्या जानेवारी महिन्यात बर्मिंगहॅम विद्यापीठातील तिआगो कांपांते आणि त्यांचे सहकारी यांनी ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. स्वरमंडल या तारकासमूहात, म्हणजे ज्यात आपला अभिजित तारा येतो त्या समूहात, सुमारे ११७ प्रकाशवर्षांवर एक नारिंगी तारा आहे. तो सूर्याहून आकाराने पाव हिश्श्याने लहान, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. केप्लर दुर्बिणीने त्याच्याकडे चार वर्षे टक लावून पाहिले आणि त्याच्याभोवती पाच ग्रह असल्याचे दाखवून दिले. पाचही ग्रह पृथ्वीहून लहान. सर्वांत लहान बुधाएवढा, सर्वांत मोठा शुक्राहून कमी. त्यांची वर्षेही अगदी छोटी, सुमारे साडेतीन दिवसांपासून पावणेदहा दिवसांपर्यंतची.

एवढ्यावर या शोधाची नोंद परग्रहांच्या वाढत्या यादीत आणखी पाच नावे अशीच झाली असती. निबंधातील खरा आकडा वेगळा होता. या ताऱ्याचे, म्हणजे केप्लर-४४४चे, वय ११.२ अब्ज वर्षे निघाले, एक अब्ज वर्षे अलीकडे-पलीकडे. विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे मानले जाते. आपला सूर्य आणि पृथ्वी साडेचार अब्ज वर्षांचे. याचा अर्थ असा की, पृथ्वी घडत होती तेव्हा त्या पाच ग्रहांचे वय आजच्या पृथ्वीच्या वयाहून अधिक होते. विश्वाच्या आजवरच्या आयुष्याचा पहिला पंचमांशही नीट सरला नव्हता, आणि कोठेतरी दगड तयार होऊन ताऱ्याभोवती फिरू लागला होता.

हे वाचून सामान्य वाचकाला फारसे नवल वाटणार नाही. जुन्या ताऱ्याला जुने ग्रह असणार, त्यात विशेष ते काय, असे तो म्हणेल. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील खगोलशास्त्राने जी समजूत मोठ्या परिश्रमाने उभी केली होती, तिच्या दृष्टीने हे पाच ग्रह जरा अडचणीचे होते. दगड ही विश्वात उशिरा आलेली वस्तू आहे, अशी ती समजूत. ती कशी तयार झाली, कशी डळमळली आणि तिच्यातला कोणता भाग अजूनही टिकून आहे, याचा इतिहास मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

२

घन पृथ्वी शेवटी येते, ही कल्पना आपल्याला परकी नाही. तैत्तिरीय उपनिषदातल्या सृष्टिक्रमात आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी, अग्नीपासून आप आणि त्यानंतर पृथ्वी येते. हा क्रम पाहून आपल्या पूर्वजांना सारे आधीच ठाऊक होते असा निष्कर्ष काढण्याची एक खोड आपल्याकडे आहे. तिच्या वाटेला न जाणेच बरे. तत्त्वचिंतनातील क्रम सूक्ष्माकडून स्थूलाकडे जातो. खगोलशास्त्रातील क्रम मोजमापातून आला आणि त्याला कारणे वेगळी होती.

त्या मोजमापाची सुरुवात एका भारतीय समीकरणापासून करावी लागते. १९२० साली मेघनाद साहा यांनी, एखाद्या तापमानाला व दाबाला वायूतील किती अणू आपले इलेक्ट्रॉन गमावून बसतात याचे गणित मांडले. ताऱ्याच्या वर्णपटातील रेषा ठळक की फिकट, यावरून त्या मूलद्रव्याचे प्रमाण थेट ठरत नाही, तापमानाचा हिशेब आधी करावा लागतो, हे त्यातून स्पष्ट झाले. हेच साधन हाती घेऊन सेसिलिया पेन या तरुण संशोधिकेने १९२५ साली हार्वर्ड वेधशाळेत आपला प्रबंध पूर्ण केला. तिच्या आकडेमोडीनुसार तारे पृथ्वीसारख्या द्रव्याचे नव्हतेच. ते जवळजवळ संपूर्णपणे हायड्रोजन आणि हेलियमचे होते. हेन्री नॉरिस रसेल या त्या काळच्या दबदबा असलेल्या शास्त्रज्ञाला ते अशक्य वाटले, आणि त्याच्या सांगण्यावरून पेनने आपलाच निष्कर्ष बहुधा खरा नसावा असे प्रबंधात लिहिले. चार वर्षांनी रसेल स्वतः दुसऱ्या वाटेने त्याच निष्कर्षाला येऊन पोहोचला.

या शोधाने पृथ्वीचे विश्वातील स्थान नव्याने ठरले. तोवर पृथ्वी हा विश्वद्रव्याचा नमुना समजला जाई. आता ती एक अपवाद ठरली. सूर्याच्या वस्तुमानात हायड्रोजन आणि हेलियम वगळता उरलेली सारी मूलद्रव्ये एकत्र केली तरी दोन टक्के भरत नाहीत. आपले डोंगर, आपली हाडे, आपली भांडीकुंडी, सारे त्या दोन टक्क्यांच्या आतले.

खगोलशास्त्रज्ञ या उरलेल्या सर्व मूलद्रव्यांना सरसकट ‘धातू’ म्हणतात. ऑक्सिजनही त्यांच्या लेखी धातू, कार्बनही धातू. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे विचित्र वाटते; मराठीच्या विद्यार्थ्याला मात्र तितकेसे वाटू नये. आपल्या भाषेत क्रियापदाचे मूळ रूप म्हणजे धातू, आयुर्वेदात रस-रक्त-मांसादी शरीर धारण करणारे सात घटक म्हणजे धातू. ‘धा’ म्हणजे ठेवणे, धारण करणे. ज्यांच्यावर पुढची रचना उभी राहते ते धातू, या अर्थाने खगोलशास्त्राचा शब्द मराठीत आपसूक शोभून दिसतो. या लेखात तो त्याच अर्थाने वापरला आहे.

पुढचा टप्पा युद्धकाळातला. वाल्टर बाडे हा जर्मन नागरिक अमेरिकेत माउंट विल्सन वेधशाळेत काम करीत होता. अमेरिका युद्धात उतरल्यावर शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला युद्धकार्यात घेतले गेले नाही. सहकारी लष्करी कामावर गेलेले, लॉस एंजेलिसचे दिवे युद्धामुळे मंदावलेले, आणि त्या काळची जगातली सर्वांत मोठी शंभर इंची दुर्बीण बाडेच्या हाती. त्या अंधाराचा त्याने पुरेपूर उपयोग केला. देवयानी दीर्घिकेच्या गाभ्याजवळचे तारे त्याने सुटे सुटे टिपले आणि १९४४ साली ताऱ्यांचे दोन वर्ग मांडले. तबकडीतल्या सर्पिल भुजांतले तेजस्वी निळे तारे हा पहिला वर्ग. गाभ्यातले आणि गोलाकार तारकागुच्छांतले तांबूस तारे हा दुसरा. क्रमांक उलटे पडले आहेत, कारण पुढे असे दिसून आले की दुसरा वर्गच आधीच्या पिढीचा आहे.

१९५१ साली जोसेफ चेंबरलेन आणि लॉरेन्स अ‍ॅलर यांनी दोन ताऱ्यांचे वर्णपट तपासून त्यांत लोखंडादी धातू सूर्यापेक्षा फारच कमी असल्याचे दाखवले. १९५७ साली मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल यांनी याची मीमांसा करणारा प्रदीर्घ निबंध लिहिला. यातले हॉइल मराठी वाचकांना जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू म्हणून परिचित आहेत. जड मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात शिजतात आणि ताऱ्यांच्या मृत्यूबरोबर अवकाशात विखुरतात, हे या चौघांनी तपशिलवार दाखवले. एका पिढीच्या राखेतून पुढची पिढी जन्मते, आणि प्रत्येक पिढीगणिक धातूंचे प्रमाण वाढत जाते. गंमत अशी की, हॉइल आणि पुढे नारळीकर ज्या स्थिर-स्थिती विश्वाचे पुरस्कर्ते होते, त्या विश्वाला आरंभच नव्हता. पण त्यांनी दिलेली ही पाककृती आरंभ असलेल्या विश्वाच्या इतिहासात अधिक नेमकी बसली.

३

आता निष्कर्ष समोरच होता. जुन्या ताऱ्यांत धातू कमी. ताऱ्याभोवतीची तबकडी ताऱ्याच्याच ढगातून होते, म्हणजे तिच्यातही धातू कमी. ग्रहांचा कच्चा माल धातूंचा, म्हणून जुन्या ताऱ्यांना ग्रह नसावेत, निदान खडकाळ ग्रह तरी नसावेत. यात तर्काची चूक कोठेच दिसत नाही. तरीही पुरावा नव्हता, कारण सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचा एकही ग्रह तोवर कोणी पाहिला नव्हता.

१९९२ साली एका मृत ताऱ्याच्या, म्हणजे पल्सारच्या, भोवती पृथ्वीच्या तोडीचे ग्रह सापडले. १९९५ साली मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह शोधला. आता समजुतीची परीक्षा घेता येणार होती, आणि पहिल्या दहा वर्षांत ती समजूत विशेष गुणांनी उत्तीर्ण झाली. १९९७ साली गिलेर्मो गोन्झालेस यांनी नजरेस आणून दिले की ज्यांना ग्रह सापडले आहेत ते तारे धातूंनी संपन्न आहेत. २००५ साली डेब्रा फिशर आणि जेफ व्हॅलेंटी यांनी हजाराहून अधिक ताऱ्यांची छाननी करून हे नाते आकड्यांत बसवले: ताऱ्यात धातू जसजसे वाढतात, तसतशी गुरूसारखा महाकाय ग्रह सापडण्याची शक्यता झपाट्याने वाढते.

दरम्यान एक मोठा प्रयोगही झाला होता. १९९९ साली रॉनल्ड गिलीलँड आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बीण सलग आठ दिवसांहून अधिक काळ दक्षिण आकाशातील ४७ टुकाने या प्राचीन गोलाकार तारकागुच्छावर रोखून धरली. सुमारे ३४ हजार तारे त्यांनी नजरेखाली ठेवले. सूर्याच्या परिसरातले प्रमाण धरले तर सतराएक ग्रह सापडायला हवे होते. एकही सापडला नाही. २००० साली ही बातमी आली तेव्हा तिचा अर्थ लावणे सोपे वाटले. तिथे सूर्याच्या मानाने धातूंचा दुष्काळ, मग ग्रह कोठून असणार?

एक अपवाद मात्र होता. वृश्चिक राशीत ज्येष्ठा ताऱ्याच्या शेजारीच एम-४ नावाचा तारकागुच्छ आहे. तिथल्या एका पल्सारच्या आणि श्वेत खुजा ताऱ्याच्या जोडीभोवती गुरूच्या अडीचपट वस्तुमानाचा ग्रह असल्याचे स्टाइन सिगुर्डसन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवले. गुच्छाचे वय बारा अब्ज वर्षांहून अधिक, आणि धातू नगण्य. पण एक अपवाद, तोही पल्सारच्या भोवतालचा. त्यावरून नियम मोडत नाही, असेच बहुतेकांनी मानले.

इथे एक सूक्ष्म घसरण झाली होती, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला ती महत्त्वाची वाटावी. जे ग्रह सापडत होते ते महाकाय होते, कारण तेवढेच सापडण्याजोगे होते. हबलच्या त्या प्रयोगातही पृथ्वीएवढा ग्रह असता तरी दिसला नसता. महाकाय ग्रहांविषयी जे सिद्ध झाले ते हळूहळू ‘ग्रहां’विषयी सिद्ध झाल्यासारखे बोलले जाऊ लागले. विशेषण गळाले आणि नाम तेवढे उरले. साधनाची मर्यादा ही निसर्गाची मर्यादा वाटू लागण्याचे प्रसंग सर्वच ज्ञानशाखांत येतात. ज्या समाजांनी लिहून ठेवले त्यांचाच इतिहास आपण लिहितो आणि न लिहिणाऱ्यांना इतिहास नव्हता असे समजतो, तोच हा प्रकार. (पुढे २०१७ साली त्या प्रयोगाचा हिशेब नव्याने मांडला गेला, तेव्हा मुळात सतरा ग्रहांची अपेक्षाच फार फुगवलेली होती असे आढळले.)

४

मार्च २००९मध्ये केप्लर दुर्बीण अवकाशात गेली आणि हंस व स्वरमंडल या तारकासमूहांच्या दिशेने सुमारे दीड लाख ताऱ्यांवर तिने नजर ठेवली. तिची पद्धत अधिक्रमणाची. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित उणावतो. ते उणावणे ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा झाले की ग्रह आहे असे समजायचे. केप्लर-४४४च्या सर्वांत लहान ग्रहामुळे होणारी घट एक लाख भागांतले जेमतेम दोन-अडीच भाग इतकी आहे. पृथ्वीच्या वातावरणाच्या तळाशी बसून हे मोजणे शक्य नव्हते.

२०१२ साली लार्स बुखहावे आणि सहकाऱ्यांनी केप्लरच्या १५२ ताऱ्यांचे धातुप्रमाण मोजून ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. त्यातून दिसले ते असे: महाकाय ग्रहांना धातुसंपन्न तारे लागतात हे खरेच, पण लहान ग्रहांना तशी आवड-निवड नाही. ते श्रीमंत ताऱ्यांभोवती सापडतात, तसे गरीब ताऱ्यांभोवतीही. कारण आता मागे वळून पाहता सोपे वाटते. गुरूसारखा ग्रह व्हायचा तर पृथ्वीच्या दहापट वस्तुमानाचा गाभा आधी जमावा लागतो, आणि तोही तबकडीतला वायू विरून जाण्याच्या आत, म्हणजे काही दशलक्ष वर्षांत. ज्याच्या घरी साहित्य कमी त्याला ही घाई झेपत नाही. लहान खडकाळ ग्रहाला वायूची गरज नाही, म्हणून घाईही नाही.

ग्रह सापडले, पण ‘जुने’ म्हणायचे कशाच्या आधारावर? हा प्रश्न दिसतो त्याहून कठीण आहे. ज्याचे वय आपण प्रयोगशाळेत मोजले आहे असा तारा एकच, आपला सूर्य. आणि तेही सूर्याला हात लावून नव्हे. १९५० च्या दशकात क्लेअर पॅटरसन यांनी उल्केतील शिशाच्या समस्थानिकांवरून साडेचार अब्ज वर्षे हा आकडा काढला. म्हणजे सूर्याची जन्मतारीख त्याच्या कुटुंबातल्या दगडाने सांगितली. इतर ताऱ्यांचे दगड आपल्या हाती नाहीत. तिथे तेज, तापमान आणि रासायनिक घटक यांवरून अनुमान करायचे, आणि अनुमानात पदोपदी अनिश्चितता. चेंबरलेन-अ‍ॅलर यांच्या त्या दोन ताऱ्यांपैकी एकाचे वय २०१३ साली १४.५ अब्ज वर्षांच्या आसपास काढले गेले. लेकरू आईपेक्षा वयाने मोठे! वृत्तपत्रांनी त्याचा बराच गाजावाजा केला. त्या आकड्याला ०.८ अब्ज वर्षांची चुकीची मुभा जोडलेली होती, आणि तिच्यात विरोधाचे निरसन होते, हे फारसे कोणी छापले नाही.

केप्लरचा पहिला निःसंशय खडकाळ ग्रह, केप्लर-१०बी, जानेवारी २०११मध्ये जाहीर झाला तेव्हा त्याच्या ताऱ्याचे वय ११.९ अब्ज वर्षे सांगितले गेले खरे, पण साडेचार अब्ज वर्षे कमी-जास्त. एवढी मुभा असल्यावर तो प्राचीन आहे असे ठामपणे म्हणणे अवघड होते. पुढे निरीक्षणे वाढली तेव्हा तो आकडा साडेदहा अब्जांच्या आसपास स्थिरावला.

केप्लर-४४४चे वय इतक्या नेमकेपणाने निघाले ते तारकास्पंदनांच्या अभ्यासामुळे. तारा हा वायूचा खदखदता गोळा. त्याच्या पृष्ठभागाखालच्या खळबळीतून ध्वनिलहरी उठतात, आत घुमतात आणि ताऱ्याला किंचित थरथरवतात. सूर्याची अशी पाच मिनिटांची थरथर १९६०च्या सुमारास रॉबर्ट लेटन यांनी ओळखली होती. या लहरी ताऱ्याच्या गाभ्यातून जातात. गाभ्यात हायड्रोजन जळून हेलियम साठत जातो, तसतसा तिथला ध्वनीचा वेग बदलतो, आणि स्वरांमधली अंतरेही बदलतात. माठ विकत घेताना तो बोटाने वाजवून पाहतात, त्यातलाच हा प्रकार म्हणा. आत डोकावता येत नसले तरी नाद आतले सांगतो. केप्लरने या ताऱ्याच्या तेजातली सूक्ष्म थरथर टिपली आणि तिच्यावरून त्याच्या गाभ्यात किती हेलियम साठला, म्हणजे तो किती काळ जळत आला, हे काढता आले. ज्या दुर्बिणीने ग्रह शोधले, तिच्याच त्याच आकड्यांतून ताऱ्याचे वयही निघाले.

५

आता मूळ अडचणीकडे वळू. केप्लर-४४४मध्ये लोखंड सूर्याच्या पाव हिश्श्याहून थोडे अधिक. मग पाच ग्रहांना पुरेल इतका दगड आला कोठून?

उत्तर ‘धातू’ या सरसकट शब्दाच्या पोटात दडलेले आहे. सारे धातू एकाच वेळी जन्माला येत नाहीत. ऑक्सिजन, मॅग्नेशियम, सिलिकॉन ही मूलद्रव्ये मुख्यतः महाकाय ताऱ्यांच्या पोटात तयार होतात, आणि असे तारे काही दशलक्ष वर्षांतच अतिनवतारा होऊन फुटतात. लोखंडाचा मोठा वाटा मात्र दुसऱ्या प्रकारच्या स्फोटांतून येतो. जोडीदाराकडून वस्तुमान ओढून घेत किंवा त्याच्याशी भिडून फुटणारे श्वेत खुजे तारे हे त्याचे उगमस्थान, आणि त्यांना त्या अवस्थेला यायला पुष्कळदा अब्जावधी वर्षे लागतात. म्हणून आकाशगंगेच्या आरंभीच्या काळात जन्मलेल्या ताऱ्यांत लोखंड कमी असले तरी त्या मानाने सिलिकॉन, मॅग्नेशियम आणि ऑक्सिजन बरेच असतात. केप्लर-४४४मध्ये त्यांचे प्रमाण सूर्याच्या सुमारे निम्मे आहे.

आणि दगड म्हणजे काय? बहुतांशी सिलिकॉन, मॅग्नेशियम आणि ऑक्सिजन यांची संयुगे. वार्दान आदिबेक्यान आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवले की लोखंडाने गरीब असूनही ज्यांना ग्रह आहेत असे तारे बहुधा याच मूलद्रव्यांनी तुलनेने संपन्न असतात. मानवाच्या इतिहासात अश्मयुग आधी आणि लोहयुग नंतर. आकाशगंगेच्या रासायनिक इतिहासातही क्रम काहीसा तसाच लागला. दोन्हींची कारणे अर्थातच भिन्न आहेत, आणि आकाशातल्या त्या अश्मयुगात लोखंड मुळीच नव्हते असेही नाही. तरीही इतके म्हणता येते की, लोखंडाच्या मोजमापावरून दगडाचा अंदाज बांधण्याची जी सवय वर्णपटशास्त्राला लागली होती, ती या काळासाठी दिशाभूल करणारी होती. ताऱ्याच्या वर्णपटात लोखंडाच्या रेषा भरपूर आणि मोजायला सोयीच्या, म्हणून लोखंड हे सगळ्या धातूंचे प्रतिनिधी ठरले होते.

मग लोखंड कमी असलेल्या दगडाचा ग्रह कसा असेल? त्याचा गाभा लहान आणि घनता कमी असायला हवी. केप्लर-४४४च्या दोन ग्रहांची वस्तुमाने २०१७ साली त्यांच्या परस्परांवरच्या ओढीवरून काढली गेली. ती मंगळाच्या तोडीची भरली आणि घनता पृथ्वीहून कमी दिसली. २०२१च्या जानेवारीत टीओआय-५६१ हा दुसरा प्राचीन तारा पुढे आला. टेस या दुर्बिणीने शोधलेला, सुमारे २८० प्रकाशवर्षांवरचा, दहा अब्ज वर्षांच्या आसपास वयाचा. त्याचा सर्वांत आतला ग्रह पृथ्वीच्या सुमारे दीडपट त्रिज्येचा, आणि साडेदहा तासांत एक प्रदक्षिणा पुरी करणारा. लॉरेन वाइस यांच्या गटाने त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या ३.२ पट काढले. गाया लाचेदेल्ली यांच्या गटाने साधारण त्याच सुमारास १.६ पट. एक ग्रह, दोन तराजू, दुपटीचा फरक! पुढच्या मोजमापांत आकडा या दोहोंच्या मधोमध आला आणि घनता पाण्याच्या सव्वाचारपटीच्या आसपास. पृथ्वीची साडेपाचपट आहे. इतक्या वस्तुमानाच्या पृथ्वीसारख्या ग्रहाची घनता पृथ्वीहूनही जास्त हवी होती, म्हणजे हा ग्रह चांगलाच हलका ठरतो.

हा हलकेपणा लहान गाभ्याचा की आणखी कशाचा? डिसेंबर २०२५मध्ये जोहाना टेस्के आणि सहकाऱ्यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून एक वेगळी शक्यता मांडली. त्या ग्रहाची दिवसाची बाजू उघड्या खडकाची असती तर तापमान सुमारे २७०० अंश सेल्सिअस हवे होते. प्रत्यक्षात ते १८०० अंशांच्या आसपास दिसले. उष्णता वाहून नेणारे दाट वातावरण तिथे असावे आणि त्याखाली वितळलेल्या खडकाचा समुद्र असावा, असे त्यांचे म्हणणे. दहा अब्ज वर्षे ताऱ्याच्या इतक्या जवळ भाजत असूनही वातावरण टिकले, हे खरे ठरले तर ते अनेक आडाख्यांना छेद देणारे आहे. उत्तर अद्याप पुरते लागलेले नाही. पण प्रश्नाचे रूप पाहा: जुन्या ताऱ्याभोवती दगड असेल का, हा प्रश्न मागे पडला, तो दगड कसा आहे, आपल्या दगडाहून वेगळा आहे का, हा प्रश्न आला.

६

या इतिहासात एक पान असेही आहे, जे साहित्याच्या वाचकाला थोडे हुरहूर लावून जाईल. योकोबस काप्टाइन या डच ज्योतिर्विदाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक विलक्षण वेगाने सरकणारा तारा शोधला. पुढे बार्नार्डचा तारा सापडेपर्यंत, म्हणजे १९१६पर्यंत, आकाशात इतक्या वेगाने जागा बदलणारा दुसरा तारा ठाऊक नव्हता. तो आपल्यापासून जेमतेम १३ प्रकाशवर्षांवर असला तरी आपल्या तबकडीचा रहिवासी नाही. आकाशगंगेभोवतीच्या प्राचीन प्रभामंडलातून तो आला आहे आणि वाटसरू म्हणून आपल्याजवळून चालला आहे. वय अकरा अब्ज वर्षांच्या घरात.

२०१४ साली गिलेम अंग्लादा-एस्कुदे आणि सहकाऱ्यांनी या ताऱ्याभोवती दोन ग्रह असल्याचे जाहीर केले. त्यातला एक ४८ दिवसांत प्रदक्षिणा घालणारा, पाणी द्रवरूपात राहू शकेल अशा अंतरावरचा. इतका जुना, इतका जवळचा आणि इतका सुखद ग्रह! या घोषणेच्या निमित्ताने ब्रिटिश विज्ञानकथाकार अ‍ॅलिस्टर रेनॉल्ड्स यांनी ‘सॅड काप्टाइन’ नावाची एक छोटी कथाही लिहिली. पुढच्याच वर्षी पॉल रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की तारा स्वतःभोवती सुमारे १४३ दिवसांत फिरतो, आणि ४८ दिवस हा नेमका त्याचा तिसरा हिस्सा. ग्रहाची म्हणून समजलेली चाहूल ताऱ्याच्याच अंगावरच्या चुंबकीय डागांची होती. वाद काही वर्षे चालला. २०२१च्या नव्या विश्लेषणानेही दोन्ही ग्रह नसल्याचाच निर्वाळा दिला. ग्रह गेले, कथा राहिली.

हे पान वगळून प्राचीन ग्रहांची गोष्ट सांगता येईल, पण मग ती विजयगाथा होईल. ज्या सावधगिरीने काप्टाइनचे ग्रह पुसले गेले, त्याच सावधगिरीला केप्लर-४४४चे ग्रह उतरले, म्हणून त्यांची किंमत.

७

तर मग जुनी समजूत पूर्णपणे खोटी ठरली काय? तसेही नाही. धातूंशिवाय दगड होत नाही हे तर उघडच आहे. प्रश्न इतकाच की किती धातूंपासून पुढे होतो. २०२४ साली कीर्स्टन बोली आणि सहकाऱ्यांनी टेस दुर्बिणीच्या नोंदींतून हजारो धातुगरीब तारे निवडले आणि त्यांच्याभोवती पृथ्वीहून थोडे मोठे ग्रह शोधले. धातुप्रमाण एका मर्यादेखाली गेल्यावर असे ग्रह जवळपास दिसेनासेच होतात, असे त्यांना आढळले. उतार एकदम तुटून कडा लागावा तसे. केप्लर-४४४ त्या कड्याच्या जवळच उभा आहे. शिवाय त्याच्याभोवती दोन लाल खुजा ताऱ्यांची एक जोडी फिरते. ती एके काळी ग्रहांच्या तबकडीला कितपत कुरतडून गेली असेल, यावर २०१६ आणि २०२३ साली वेगवेगळी मोजमापे पुढे आली. अशा प्रतिकूल घरातही पाच ग्रह झाले.

म्हणजे आज जे चित्र दिसते ते असे: आरंभीच्या काही काळात दगड नव्हता, मग महाकाय ताऱ्यांच्या दोन-चार पिढ्यांनी पुरेसे सिलिकॉन आणि ऑक्सिजन उधळले, आणि लोखंडाची वाट न पाहता ग्रह घडू लागले. ही घटना पृथ्वीच्या जन्माच्या कितीतरी आधीची. चार्ल्स लाइनवीव्हर यांनी २००१ साली, यातले काही सापडण्याआधीच, विश्वातील पृथ्वीसारखे ग्रह सरासरीने पृथ्वीहून सुमारे १.८ अब्ज वर्षांनी मोठे असावेत असा अंदाज केला होता. केप्लर-४४४ने ती शक्यता आणखी मागे, तिपटीहून अधिक अंतरावर नेऊन ठेवली.

याचा आपल्याशी संबंध काय? कोपर्निकसाने पृथ्वीला अवकाशातल्या मध्यस्थानावरून हलवले, हे शाळेत शिकवले जाते. काळातले आपले स्थान मात्र आपण फारसे तपासत नाही. दगड उशिरा आला, म्हणून जीवन उशिरा आले, म्हणून विचार करणारा प्राणी उशिरा आला, आणि आपण त्या साऱ्या तयारीचे फळ आहोत, अशी एक सुखावह मांडणी मनाच्या तळाशी असते. मानवाच्या आगमनासाठी विश्वाने साडेतेरा अब्ज वर्षे सिद्धता केली, असे वाक्य विज्ञानाच्या लोकप्रिय पुस्तकांतही सहज येऊन जाते. प्राचीन दगड या मांडणीचा आधार काढून घेतो. सिद्धता फार पूर्वीच होऊन गेली होती. तिथे पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक नाही. केप्लर-४४४च्या पाच ग्रहांवर तर काही होण्याचा संभव नाही, ते ताऱ्याच्या इतके जवळ आहेत की पाणी टिकण्याचा प्रश्नच येत नाही. पण जिथे तापलेले दगड झाले तिथे, थोड्या दूरच्या कक्षांत, न तापलेलेही झाले असतील, आणि ते आपल्या आजच्या साधनांना दिसत नसतील. न दिसणे आणि नसणे यांतला फरक या इतिहासाने एकदा शिकवला आहेच.

युरोपीय अवकाश संस्थेने ‘प्लेटो’ ही मोहीम याच दुहेरी कामासाठी आखली आहे: तेजस्वी ताऱ्यांभोवतीचे लहान, दूरच्या कक्षांतले ग्रह शोधायचे, आणि त्याच वेळी त्या ताऱ्यांची थरथर मोजून त्यांची वयेही काढायची. आजवर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच प्राचीन खडकाळ ग्रहांच्या जन्मतारखा आपल्याला नीट माहीत आहेत. त्यांची संख्या शेकड्यांवर गेली, की आकाशगंगेत दगड केव्हापासून आहे याचे कालमापन करता येईल, जसे उत्खननातल्या थरांवरून आपण एखाद्या वस्तीचे करतो. ते झाल्यावर कदाचित असे दिसेल की केप्लर-४४४ हा एक विरळा अपवाद होता. कदाचित असेही दिसेल की तो त्या काळाचा अगदी सामान्य रहिवासी होता. उत्तर कोणतेही आले, तरी पृथ्वीचे वय सांगताना यापुढे ‘केव्हा’ यासोबत ‘कोणाच्या नंतर’ हेही सांगावे लागेल.